अक्कांनी सांगितलेला चेहरा

त्या दिवशी हे भर दुपारी घरी आले, हीच गोष्ट नवी होती. चाटी गल्लीतलं आमचं साड्यांचं दुकान एकदा उघडलं की हे दिवेलागणीनंतरच परततात. डबासुद्धा तिथंच गादीवर बसून खातात. दार वाजलं म्हणून मी हात पुसत आले तर दारात हे उभे. चपला काढल्या, मोरीत जाऊन पाय धुतले, आणि टॉवेलनं तळवे पुसता पुसता म्हणाले, "दुधनीहून फोन आलता. अक्का गेली." लाईट गेली म्हणून सांगावं त्या आवाजात. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिथं काही नव्हतं, नेहमी नसतं तसंच. आणि मग मी जे केलं ते आज इतक्या आठवड्यांनी लिहितानाही मला नीट समजत नाही... मी आतल्या खोलीकडं वळले. ह्यांना काय झालंय ते अक्कांना विचारावं म्हणून.

निलाक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. त्यांचं लग्न झालं नाही. आमच्याबरोबरच राहिल्या, आणि घरातलं आवरून रोज ह्यांच्याबरोबर दुकानात जाऊन बसायच्या. दुधनीला मावसभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती म्हणून त्या राहायला गेल्या होत्या. सकाळी समोर उपीटाची बशी ठेवली तोवर बोलत होत्या, आणि भावाची बायको चहा घेऊन आली तेव्हा नव्हत्या. इतकंच. आजारपण नाही, दवाखाना नाही, कुणाला काही सांगायला सवड नाही. मी माहेरची माळशिरसची, नोकरीभर शाळेत मराठी शिकवलं, शब्दांची मला कधी वानवा पडली नाही. पण ही बातमी घेऊन काय करायचं ते काही सुचलं नाही. मी ह्यांना पाणी दिलं आणि गॅस बंद केला.

अक्कांबद्दल सांगायचं तर आधी त्यांच्या डोळ्यांबद्दल सांगावं लागतं. त्यांचे डोळे तिरळे होते, आणि थोडेथोडके नाही. डावा डोळा समोरच्या माणसावर असे, आणि उजवा त्याच वेळी बाहेरच्या बाजूला, खिडकीत नाहीतर दुसऱ्याच कुणावर. आमच्या घरात नव्या माणसाला सांगायची पहिली गोष्ट म्हणजे, अक्कांशी बोलताना डाव्या डोळ्याकडं बघायचं. जावयालाही आम्ही हे मांडवातच सांगितलं होतं. दुसऱ्याची नजर आपल्याला अंगावर कळते म्हणतात, पाठमोरं असलं तरी मान आपोआप वळते. वर्गात मी फळ्याकडून वळायच्या आत पोरं सावध झालेली असायची. अक्कांची नजर मात्र कुणालाच कळायची नाही. त्या बघत असायच्या तुमच्याकडं आणि तुम्हाला वाटायचं शेजारणीकडं. त्यामुळं त्यांच्यासमोर कुणी चेहरा सावरून बसत नसे. आपल्याकडं कुणी बघतंय म्हटलं की आपण सगळेच चेहरा जरा नीट करतो, पदर सारखा करावा तसा. अक्कांना माणसं न सावरलेली दिसायची. आयुष्यभर तशीच दिसली.

मला बघायला आल्या तेव्हाचीच गोष्ट. माळशिरसला आमच्या घरी सासरे, हे आणि अक्का असे तिघे आले होते. मी पोहे घेऊन बाहेर गेले, माझ्या मागोमाग माझी चुलत बहीण शोभा पाण्याचे तांबे घेऊन आली. मी सतरंजीवर बसले, शोभा भिंतीशी उभी राहिली. सासऱ्यांनी विचारलं त्याची मी उत्तरं दिली. हे खाली बघून पोहे खात होते, चेहरा असा की पोहे आवडले का तेही कळू नये, मग मुलगी तर लांबच. आणि अक्का सगळा वेळ शोभाकडं बघत होत्या. निदान आम्हा सगळ्यांना तसं दिसलं. शोभा लाजून लाल झाली. माझी काकी स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. मंडळी गेल्यावर काकीनं जाहीरच करून टाकलं, त्यांना आमची शोभा पसंत पडली, ती बाई डोळ्यांनी खात होती नुसती. वडील म्हणाले, असू द्या, घरातल्या घरातच आहे. काकीनं तर शोभाच्या मामाला तयारीचा निरोपसुद्धा धाडला. मला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं होतं. मला बी.एड. करायचं होतं, आणि ह्या बाई माझ्याकडं बघत नाहीत असं दिसल्यावर बश्या गोळा करताना मी काय तोंड केलं असेल ते माझं मला माहीत. आठवड्याभरानं होकार आला तो माझ्या नावाचा. सोबत सासऱ्यांचा निरोप होता, पोरीला पुढं शिकायचं असंल तर आमची ना न्हाय. शिकायचं आहे असं आमच्याकडून कुणी बोललंच नव्हतं. काकी त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्याशी धड बोलली नाही, आणि शोभाच्या मामाला दुसरा निरोप कुणी धाडायचा यावरून घरात चांगलं भांडण झालं.

सोलापुरात आले तर घरात कानडी. सासरे, हे, अक्का, सगळे एकमेकांशी कानडीत बोलायचे आणि माझ्याशी मराठीत. मला वाटायचं, मराठीत आपल्या वाट्याला कामापुरतं येतंय, खरं बोलणं सगळं तिकडं चाललंय. भाषा कळत नाही तेव्हा माणूस तोंडांकडं बघायला लागतो. कोण हसलं, कुणी भुवई उचलली, कोण बोलता बोलता माझ्याकडं बघून थांबलं. हळूहळू मला घरातली सगळी तोंडं वाचता यायला लागली, ह्यांचं सोडून. ह्यांचा चेहरा म्हणजे बंद दुकानाचं शटर. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून येत असतील, पण घरात पाऊल टाकलं की ओठ मिटलेले आणि नजर ताटात. मी केलेलं काहीच ह्यांच्या पसंतीला उतरत नाही अशी माझी खात्रीच झाली. एका संध्याकाळी मी भांडी आवरत होते, तेव्हा अक्का शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"रडलीस व्हय?"

"नाही हो."

"शिवू रागावला न्हाय. त्याचे पाय दुखायलेत. खालचा ओठ आत धरलाय बघ की. ल्हानपणापासनं तसंच हाय त्याचं."

मी जाऊन बघितलं. ओठ मला होता तसाच दिसला. तरी पाणी गरम करून दिलं, मीठ टाकून. ह्यांनी पाय बुडवले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं." तेवढ्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

तिथून ते सुरू झालं. कान मागं गेले की त्याला हसू येतंय. चष्मा पुसायला घेतला म्हणजे आत गलबललंय, काचेला धूळ लागलेली न्हाय. पेपरचं पान उलटंना म्हणजे तुझं ऐकायलाय. अक्का सांगायच्या आणि मी त्याप्रमाणं वागायची. पुढं पुढं तर मी सरळ विचारायची, "अक्का, आज काय?" आणि त्या भाजी निवडता निवडता, ह्यांच्याकडं न बघितल्यासारखं बघून म्हणायच्या, "आज खूश हाय. मागायचं ते मागून घे." मी मागायची आणि मिळायचं. माहेरी जास्तीचे दोन दिवस असोत, शाळेची सहल असो, घरात नवं कपाट असो. बी.एड.ची फी भरायची होती तेव्हाही अक्कांनी आधी ह्यांच्याकडं बघितलं आणि मग मला पुढं ढकललं. नवरा माझा, पण त्याची खबर मला नणंदेकडून यायची. शाळेतल्या मैत्रिणी थट्टा करायच्या, सुमनचं लग्न दोघांशी झालंय. मी हसायची, कारण ते फारसं खोटं नव्हतं.

स्वतःबद्दल विचारलं की अक्का उडवून लावायच्या. एकदाच सांगितलं, चटणीसाठी शेंगा भाजताना. त्यांना बघायला आलेल्या एका मुलाचा बाप उठता उठता म्हणाला होता, पोरगी सारखी माझ्या धाकट्याकडं बघायली. "मी थोरल्याकडंच बघायलते की," अक्का म्हणाल्या. "चांगला होता. नखं कुरतडायलता." मग कढईतल्या शेंगा हलवल्या. "त्याच्यानंतर म्हटलं, बास. आता आपुन दुसऱ्यास्नी बघायला जायचं." मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. डावा डोळा कढईत होता, उजवा दाराकडं. दुःख कुठल्या डोळ्यात शोधायचं ते मला कळलं नाही, आणि शोधायच्या आत त्या शेंगदाणे पाखडायला बसल्या. खरं म्हणजे आमचं सगळ्यांचं तेच व्हायचं. त्यांच्या डोळ्यांपाशी आम्ही अडखळायचो, आणि बाकीचा चेहरा बघायचा राहून जायचा.

पण त्या म्हणाल्या तसंच झालं. नात्यात कुठंही मुलगी बघायचा कार्यक्रम असला की अक्कांना न्यायचे. अक्कलकोट, करमाळा, कुठंही. त्या कोपऱ्यात बसून पोहे खायच्या, कुणाला एक प्रश्न विचारायच्या नाहीत, आणि येताना गाडीत सगळे त्यांच्याकडं वळायचे. "पोरीच्या मनात न्हाय," एवढं त्या म्हणाल्या की विषय संपायचा. त्यांच्या तोंडी कानडीतला एक शब्द सारखा असायचा, नोड, म्हणजे बघ. बोल असं त्या कुणाला फारसं म्हणाल्या नाहीत. दुकानातही तेच चालायचं म्हणे. बायका आवडलेली साडी मुद्दाम बाजूला सारतात आणि नावडतीचा भाव करत बसतात. तेव्हा बाईची नजर फिरून फिरून कुठल्या घडीवर जाते ते अक्कांना दिसायचं. हे मी ऐकून सांगते. माझी शाळा, मग घर, मग तपासायचे पेपर, दुकानात मी कधी बसले नाही. आमची मुलगी वीणा कॉलेजात असताना डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून आली होती, आत्याचे डोळे सरळ दिसतील असं करता येतं का. येतं, म्हणाले होते. अक्का म्हणाल्या, "सरळ झाले तर दुकान बसंल की." सगळे हसले. ह्यांचे कान मागं गेले का ते मी बघितलं. गेल्यासारखे वाटले.

वीणा पुण्याला नोकरीला लागली आणि तिथल्या ऑफिसातला एक मुलगा तिला आवडला. आमच्यातला नव्हता. सुट्टीत आली तेव्हा सकाळच्या चहाला तिनं सगळ्यांसमोर ते सांगितलं, नावासकट. हे बशीत चहा ओतत होते, ते ओतत राहिले. प्यायले. बशी खाली ठेवली, पिशवी घेतली आणि दुकानात निघून गेले. वीणा रडायला लागली. अक्का त्या दिवशी घरी मागं राहिल्या होत्या.

"रडतीस कशाला?" त्या म्हणाल्या. "तो व्हय म्हटलाय."

"आत्या, बाबा काहीच बोलले नाहीत."

"बोलला की. तू त्या पोराचं नाव घेतलंस तसं त्यानं वर बघितलं. न्हाय म्हणायचं असतं तर बशीतच बघत बसला असता."

ते वर बघणं आम्ही दोघींनी पाहिलं नव्हतं. पण अक्कांनी पाहिलं म्हणजे झालं. संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, तुमची हरकत नाही असं वीणाला सांगते, आणि हे "हं" म्हणाले. लग्न झालं. हे मांडवात उभे राहिले, आल्यागेल्याचं बघितलं, पाठवणीच्या वेळी चष्मा पुसला. जावई चांगला निघाला, सगळं बरं झालं... त्या 'हं'चा अर्थ काय, ते मी ह्यांना कधी विचारलं नाही. गरज नव्हती. अक्का होत्या.

अक्कांना दुधनीहून संध्याकाळच्या आत आणलं. आमच्यात मृताला निजवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, मागं आधार देऊन, कपाळाला विभूती, गळ्यात हार, आणि माणसं समोर येऊन चेहरा बघून जातात. बायका म्हणत होत्या, किती शांत, आणि कशा सरळ दिसायल्यात. डोळे मिटलेले होते म्हणून. मी समोर उभी राहिले आणि सवयीनं डाव्या डोळ्याकडं बघितलं. दोन्ही सारखेच होते. मग मला कुठं बघावं ते कळेना. मी त्यांच्या हाराकडं बघत राहिले. रडू आलं नाही. आत काही हललंच नाही. शेजारच्या काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, "रडून घे ग, मोकळी हो," आणि मला वाटत होतं की काकूंसाठी तरी रडावं, बिचाऱ्या किती वेळ हात फिरवतायत. ह्यांनी पुढं येऊन बेल वाहिला, नमस्कार केला, मागं झाले. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "सख्खी बहीण गेली, आन् तोंड बघा की." मी ते ऐकलं. राग यायला पाहिजे होता. पण मीही त्याच तोंडाकडं बघत होते.

वीणा आली होती. फोटोचं काम तिनं अंगावर घेतलं. अक्का बघणाऱ्याकडं बघतायत असा एकही फोटो घरात निघाला नाही. फोटोवाला म्हणायचा, मावशी, इकडं बघा. आणि त्या म्हणायच्या, बघायलेच की. वीणानं मोबाइलवर काहीतरी करून त्यातल्या एका फोटोतले डोळे सरळ केले. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, निदान आता तरी आत्याला कुणी हसू नये एवढंच. तो फोटो मोठा करून फ्लेक्स छापला आणि दुकानाच्या कोपऱ्यावर लावला. मी बघायला गेले. एक नीटनेटकी बाई माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघत होती. अशी बाई आमच्या घरात कधीच नव्हती. कोपऱ्यावरची लिंबू-मिरचीवाली, जिच्याशी अक्का रोज दोन शब्द बोलायच्या, मला म्हणाली, "कोण गेलं ओ तुमच्यातलं?" मी सांगितलं तेव्हा तिनं परत वर बघितलं आणि तोंडाला पदर लावला. हे माझ्या शेजारी उभे होते. बराच वेळ त्या फ्लेक्सकडं बघत होते. मग म्हणाले, "चांगलं आलंय." हा राग होता, की खरंच चांगलं वाटलं, की काहीच नव्हतं... मी ओठ बघितला, कान बघितले. काही कळलं नाही.

तिथंच, त्या फ्लेक्सखाली उभं असताना, मला पहिल्यांदा तो विचार आला. अक्का सांगायच्या ते खरं होतं का? त्यांना ते दिसत होतं, की मला बरं वाटावं म्हणून त्या सांगत होत्या? आत धरलेला ओठ, मागं गेलेले कान, बशीतून वर आलेली नजर, ह्यातलं मी स्वतः एकदाही धड पाहिलेलं नाही. त्यांनी सांगितलं की मला दिसल्यासारखं व्हायचं. न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर आपण काहीही ठेवू शकतो, ते तिथं बसतं. अक्कांनी तिथं माया ठेवली असेल, आणि मी इतकी वर्षं तिच्याशीच संसार केला असेल. ज्या माणसाला मी मनातून हळवा समजत आले, तो जर अक्कांनी भाजी निवडता निवडता तयार केलेला असेल, तर घरात माझ्यासमोर बसून जेवतो तो कोण? हे विचारण्याजोगं माणूस एकच होतं. त्यांच्या जाण्याचं दुःख मला होत नव्हतं आणि ही शंका मात्र पाठ सोडत नव्हती. तीही बधिरपणे, दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलेल्या हिरडीवरून जीभ फिरवत राहावी तशी.

कार्य आटोपलं आणि हे दुकानात जायला लागले, एकटेच. जेवण, पेपर, झोप, सगळं पहिल्यासारखं. अक्कांचं नाव मात्र नाही. त्यांच्या खोलीचं दार उघडंच असतं, हे त्यावरून येतात-जातात. मी समोर बसून ह्यांच्याकडं बघत राहायची, अक्का बघायच्या तसं. पण माझं बघणं लगेच कळतं. "काय बघतीस?" हे विचारायचे. मी म्हणायची, काही नाही. एकदा धीर करून विचारलं, "अक्कांची आठवण येते का हो?" हे म्हणाले, "आता काय." आणि पेपरचं पान उलटलं. म्हणजे ऐकत नव्हते? की ऐकायचं नव्हतं? वीणा रोज फोनवर विचारते, बाबा कसे आहेत. बरे आहेत, असं मी सांगते. पूर्वीही हेच सांगायची, पण तेव्हा अक्कांना विचारून सांगायची.

गेल्या आठवड्यात हे डबा घरीच विसरले. असं कधी झालं नव्हतं. फोन केला तर म्हणाले, राहू दे, पण मी घेऊन गेले. दुकानात गादीवर एक आई आणि तिची लग्नाळू लेक बसल्या होत्या, पुढ्यात साड्यांचा ढीग. मला टेकायला जागा नव्हती. आत खांबाजवळ अक्कांचं स्टूल होतं, तिथं जाऊन बसले. हे घड्या मोडत होते आणि बोलत होते, घरी कधी ऐकला नाही अशा आवाजात. "ताई, काठ बघा हो, हात लावून बघा. असला काठ आता कुटं मिळतो." मी ऐकत बसले. तेवढ्यात त्या आईनं एक साडी पुढं ओढली आणि विचारलं, "हिचं काय घ्याल?" हे बोलायचे थांबले आणि त्यांनी मान वळवली, खांबाकडं.

भाव सांगायच्या आधी हे अक्कांकडं बघतात, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. अक्कांनीही नाही. अक्का ह्यांच्याकडं बघतात एवढंच मी धरून चालले होते. हेही त्यांच्याकडं बघत असतील, रोज, दिवसभर, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. हे वळले आणि त्यांचा चेहरा उघडा होता. भुवया वर गेलेल्या, ओठ सुटलेले, डोळ्यांत सरळ एक प्रश्न, धाकट्या भावानं थोरल्या बहिणीला विचारावा तसा. ओठ शोधायला लागला नाही, कान बघायला लागले नाहीत. रस्त्यावरच्या माणसालाही तो चेहरा वाचता आला असता. मग ह्यांना मी दिसले. आणि ते सगळं माझ्यासमोर ओसरलं, आधी भुवया, मग ओठ, मग डोळे, आणि मागं जे उरलं ते दुःख होतं, त्याला दुसरं नाव नव्हतं. अक्कांनी काही रचलं नव्हतं. तिथं सगळं होतं, पहिल्यापासून होतं. फक्त ते त्यांच्या बाजूला वळायचं.

मी नजर काढून घेतली. समोरच्या फळीवरच्या साड्या बघायला लागले, मला काही दिसलंच नाही असं. अक्कांना ते करावं लागत नव्हतं. माझे डोळे सरळ आहेत, मला ते वळवावे लागतात. ह्यांनी घसा साफ केला आणि भाव सांगितला. त्या बाईनं तो पाडून मागितला, हे थोडं खाली आले, साडी गेली.

डबा ठेवून मी निघणार होते, तेवढ्यात आणखी दोघीजणी आल्या. उठून जायला वाट नव्हती म्हणून बसून राहिले. परत साड्या निघाल्या, परत घड्या मोडल्या, आणि त्यातली एक म्हणाली, "ह्याची काय किंमत ओ?" हे थांबले. खांबाजवळ कोण बसलंय ते आता त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी मान वळवली, माझ्याकडं बघितलं, आणि बघत राहिले.

त्या बाईची नजर कुठल्या साडीवर होती ते मी पाहिलं नव्हतं. मला त्यातलं काही कळतही नाही. तरी मी हो म्हणून मान हलवली.